बाथगेटचे दगडी तेल

खनिज तेलाचा उद्योग म्हटला की भूमीच्या पोटातून उसळणारा काळा फवारा बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु अमेरिकेत टायटसव्हिल येथे १८५९ साली ड्रेकच्या विहिरीला तेल लागले, त्याच्या आठ वर्षे आधीच स्कॉटलंडमधील बाथगेट येथे, विहिरीचा मागमूस नसताना, केवळ दगड तापवून तेल काढणारा कारखाना चालू झाला होता. या उद्योगाचे मूळ विहिरीत नसून भट्टीत आहे, असे माझे निश्चित मत आहे.

कारखान्याचा प्रवर्तक जेम्स यंग हा ग्लासगोच्या एका सुताराचा मुलगा. रसायनशास्त्राचे धडे त्याने थॉमस ग्रॅहमजवळ घेतले. डर्बीशरमधील एका कोळशाच्या खाणीत छतातून तेल पाझरते, ही वार्ता १८४७ साली रसायनशास्त्रज्ञ लायन प्लेफेअरने त्याला कळविली. तो झरा अल्पावधीतच आटला. परंतु मंद उष्णतेने कोळशापासूनच हे तेल निपजत असावे, मग ते आपणही का निपजवू नये, या विचाराने यंगला पछाडले, आणि १८५० साली त्याने आपल्या कृतीचे पेटंट मिळविले.

त्या कृतीचे सारे मर्म उष्णतेच्या मर्यादेत होते. खनिज तेलातील बहुतेक द्रव्ये कार्बन आणि हायड्रोजन या दोनच मूलद्रव्यांची; माळेत मणी ओवावेत तसे कार्बनचे अणू एकापुढे एक जोडलेले, आणि माळ जितकी लांब तितका उत्कलनबिंदू चढा. पाच ते दहा-बारा अणूंच्या माळांचे पेट्रोल, साधारण दहा ते सोळांचे रॉकेल, आणि विसांच्या पुढे घट्ट पांढरे मेण. दिव्यांच्या वायूसाठी कोळसा लालभडक तापविला जाई, तेव्हा या माळा तुटून वायू आणि डांबर तेवढे हाती येई. यंगने मात्र रिटॉर्टची, म्हणजे बंद पात्राच्या भट्टीची, आच हळूहळू चढवून मंद लालीवरच रोखली, म्हणून माळा शाबूत राहिल्या. निघालेले काळपट, उग्र वासाचे तेल पुन्हा ऊर्ध्वपातित करावयाचे, गंधकाम्लाने आणि मग दाहक सोड्याने घुसळून निर्मळ करावयाचे, आणि जड भाग थंड करून दाबयंत्राखाली मेणाचे स्फटिक वेगळे काढावयाचे, असा क्रम असे.

ज्या दगडाला एवढी किंमत आली, तो कोळसा की अन्य काही, याचा तंटा १८५३ साली एडिंबरोच्या न्यायालयात गेला. हा दगड जिथून निघे, त्या टॉर्बेनहिलचे जमीनमालक गिलेस्पी यांचा दावा असा की, भाडेपट्ट्याने कोळसा दिला, हे खनिज नव्हे. नामांकित शास्त्रज्ञांच्या साक्षी परस्परविरुद्ध झाल्या, आणि ज्यूरीने निवाडा पट्टेदार रसेल यांच्या बाजूने दिला.

तो दगड सरत आल्यावर कमी तेलाचा शेल हा थरांचा खडक हाती घेण्यात आला. यंगच्या अॅडीवेल येथील कारखान्याची कोनशिला त्याचा स्नेही डेव्हिड लिव्हिंग्स्टन याने बसविली. पुढे विहिरींच्या स्वस्त तेलाशी टक्कर देताना या धंद्याला अमोनियम सल्फेट या खताने आणि मेणानेच तगविले. १९१९ साली अँग्लो-पर्शियन कंपनीने शेल कंपन्या आपल्या छत्राखाली घेतल्या, आणि इराणचे तेल शुद्ध करण्यासाठी १९२४ साली ग्रेंजमथची रिफायनरी उभारली, तेव्हा याच परिसरातील शेल-कारखान्यांतले कसबी कामगार तेथे उपयोगी पडले. स्कॉटलंडमधील शेलची अखेरची भट्टी १९६२ साली विझली. ग्रेंजमथचे शुद्धीकरण २०२५पर्यंत चालू होते.