साइट उघडत नाही: सोलापूरच्या घरगुती संगणकावरील नामशोधाचा इतिहास

घरच्या संगणकावर ‘सोलापूर डॉट गव्ह डॉट इन’ हे जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळाचे नाव लिहिले, की पान उघडण्याआधी त्या नावाचा आयपी पत्ता, म्हणजे आकड्यांतला पत्ता, शोधावा लागतो. हे काम डोमेन नेम सिस्टिम, अर्थात डीएनएस, करते. टेलिफोनची तार शाबूत आहे, मॉडेमचे दिवे लागलेले आहेत, तरी एकही साइट उघडत नाही, अशा वेळी पुष्कळदा हा नामशोधच अडलेला असतो. तंत्र बदलले तशी हा बिघाड होण्याची जागा बदलली आणि दुरुस्तीची रीतही बदलली.

आरंभी नावांची यादी एकच होती. अमेरिकेतील आर्पानेटवरच्या संगणकांची नावे आणि आकडे ‘होस्ट्स डॉट टीएक्सटी’ या फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळी आणि इतर संगणक तिची प्रत उतरवून घेत. संगणक वाढले तशी ही यादी अपुरी पडू लागली. नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी यादीची वाटणी करणारी रचना मांडली. सर्वांत वर मूळ सर्व्हर, त्याखाली ‘डॉट कॉम’, ‘डॉट इन’ यांसारखे विभाग आणि त्यांच्याखाली ज्या त्या संस्थेचा सर्व्हर. संपूर्ण यादी कोणाकडेच नाही, पण पुढे कोणाला विचारायचे हे प्रत्येकाला ठाऊक, अशी ही व्यवस्था आहे. जुनी होस्ट्स फाइल मात्र टिकून राहिली. आजही प्रत्येक विंडोज संगणकात ती असते आणि बाहेर विचारण्याआधी संगणक तिच्यातल्या नोंदी पाहतो.

भारताचा ‘डॉट इन’ हा विभाग १९८९ मध्ये नोंदला गेला. त्याचा कारभार मुंबईत जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे होता. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह मोजक्या महानगरांत सुरू केले. ज्या शहरात सेवेचे केंद्र नव्हते, तेथील ग्राहकाला एसटीडी कॉल लावून दुसऱ्या शहरातल्या मॉडेमशी जोडून घ्यावे लागे. पुढे दूरसंचार खात्याने आणि १ ऑक्टोबर २००० पासून भारत संचार निगमने डायल-अप सेवा जिल्ह्याच्या शहरांपर्यंत नेली.

विंडोज ९५ च्या त्या काळात नामशोधाचे आकडे बऱ्याचदा ग्राहकाला स्वतः भरावे लागत. जोडणी देणाऱ्याने कागदावर लिहून दिलेले चार-चार भागांचे दोन पत्ते डायल-अपच्या खिडकीत टाइप करायचे, ही रीत होती. एक आकडा चुकला तरी मॉडेम किणकिणून जोडणी होई, मिनिटांचे बिल चढू लागे, पण पान काही उघडत नसे. इंटरनेट एक्स्प्लोरर त्या वेळी ‘कॅनॉट फाइंड सर्व्हर ऑर डीएनएस एरर’ अशी ओळ दाखवी. सर्व्हर बंद असणे आणि नाव न सापडणे हे दोन वेगळे बिघाड या एका ओळीत मिसळून गेले होते. त्यामुळे दोष नेमका कुठे आहे हे ग्राहकाला कळत नसे आणि संगणक फॉरमॅट करण्यापर्यंत मजल जाई. जाणकार दुरुस्तीवाला त्याऐवजी नावाच्या जागी आकड्यांचा पत्ता देऊन ‘पिंग’ करी, म्हणजे समोरून उत्तर येते का ते पाही. आकड्याला उत्तर आले आणि नावाला आले नाही, की दोष नामशोधात आहे हे ठरे. बिघाड ओळखण्याची ही कसोटी आजही तितकीच खरी आहे.

१४ जानेवारी २००५ रोजी भारत संचार निगमची डेटावन ब्रॉडबँड सेवा सुरू झाली आणि पुढे ती जिल्ह्याजिल्ह्यांत पसरली. आकडे भरण्याचे काम आता मॉडेमकडे गेले. मॉडेम कंपनीकडून डीएनएसचे पत्ते घेई, घरातल्या संगणकाला स्वतःचाच पत्ता देई आणि संगणकाचे प्रश्न पुढे पोहोचवी. सोय झाली, पण बिघाडाला नवी जागाही मिळाली. मॉडेम अडकला, की तार चालू असूनही नावे सापडेनाशी होत. भारनियमनाच्या त्या वर्षांत वीज वारंवार जाई-येई. ‘मॉडेम बंद करा, थोडा वेळ थांबा, मग चालू करा’ हा सल्ला याच काळात घरोघर रुजला. मॉडेम पुन्हा सुरू होताना कंपनीकडून पत्ते नव्याने घेतो, म्हणून हा उपाय लागू पडतो. मात्र विंडोज २००० पासून संगणक सापडलेली नावे आणि न सापडलेली नावेही काही काळ लक्षात ठेवू लागला. म्हणून मॉडेम सुधारला तरी जुने उत्तर संगणकातच राही. ‘आयपीकॉन्फिग’च्या आज्ञेने ते पुसावे लागे.

याच सुमारास देशातली व्यवस्थाही भक्कम झाली. २००३ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाकडे २००५ मध्ये ‘डॉट इन’चा कारभार आला आणि नोंदणी सर्वांना खुली झाली. मूळ सर्व्हरच्या प्रती मुंबई, चेन्नई आणि दिल्लीजवळ नोएडा येथे बसल्या. तरीही ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातील दोन केबल तुटल्या, तेव्हा भारतातले इंटरनेट मंदावले. नाव सापडते, पण त्या पत्त्यापर्यंतची वाट बंद आहे, असा तो बिघाड होता. घरातली कोणतीही सेटिंग बदलून तो सुटणारा नव्हता.

पुढचा टप्पा फसवणुकीचा होता. डीएनएसचेंजर हा विषाणू संगणकातील डीएनएसचे पत्ते गुपचूप बदलून ग्राहकाला ठकांच्या सर्व्हरकडे वळवी. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या तपास यंत्रणेने ही टोळी पकडली आणि न्यायालयाच्या आदेशाने त्या सर्व्हरच्या जागी तात्पुरते सर्व्हर चालवले. ९ जुलै २०१२ रोजी ते बंद झाले, तेव्हा जगभरातल्या ज्या संगणकांची दुरुस्ती झाली नव्हती, त्यांना एकही नाव सापडेना. भारतातही असे संगणक होते. जुलै २०१७ मध्ये दुसरा फटका बसला. मूळचा पासवर्ड कधीच न बदललेले भारत संचार निगमच्या ग्राहकांचे हजारो मॉडेम एका विषाणूने निकामी केले. निगमला ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचे आवाहन करावे लागले. घरातला मॉडेम हाही एक संगणक आहे आणि त्यालाही कुलूप लागते, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळले.

गूगलने ३ डिसेंबर २००९ रोजी ८.८.८.८ आणि क्लाउडफ्लेअरने १ एप्रिल २०१८ रोजी १.१.१.१ हे खुले सर्व्हर सुरू केले. लक्षात राहणाऱ्या या आकड्यांमुळे ‘डीएनएस बदलून बघा’ हा उपाय सर्वतोमुखी झाला. कंपनीचा सर्व्हर बंद असेल तर तो चालतो, पण प्रत्येक बिघाडावर तो औषध नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी रात्री नऊच्या सुमारास फेसबुक आणि व्हॉट्सअॅप बंद पडले. ही दोन्ही चालवणाऱ्या कंपनीचे स्वतःचे नावांचे सर्व्हरच इंटरनेटवरून दिसेनासे झाले होते, त्यामुळे जगात कोणालाही विचारले तरी पत्ता मिळत नव्हता. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी उलट घडते. नाव लगेच सापडते, पण गर्दीने सर्व्हरच गुदमरतो. अशा वेळी डीएनएस बदलून काही साधत नाही.

२०१४ पासून ‘डॉट भारत’ या देवनागरी विभागात मराठी नावेही घेता येतात. संगणक अशा नावाचे आधी रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात रूपांतर करतो आणि मगच ते शोधतो. या व्यवस्थेला शुद्धलेखनाची सूट नाही. ‘सोलापूर’ आणि ‘सोलापुर’ ही तिच्या लेखी दोन स्वतंत्र नावे आहेत.

या साऱ्या टप्प्यांनी दुरुस्तीचा क्रम घालून दिला आहे: आतून बाहेर. आधी नाव नीट लिहिले आहे का ते पाहावे. मग दुसरा ब्राउझर उघडावा, कारण काही ब्राउझर स्वतःचा वेगळा डीएनएस वापरू शकतात. त्यानंतर त्याच वायफायवर मोबाइल चालतो का हे तपासावे. चालत असेल तर दोष संगणकात आहे. तेव्हा होस्ट्स फाइल, लक्षात ठेवलेली उत्तरे आणि भरलेले आकडे तपासावेत. मोबाइलही अडला तर मॉडेम बंद करून चालू करावा. शेवटी ‘एनएसलुकअप’ची आज्ञा द्यावी. तिच्या पहिल्या ओळींत कोणत्या सर्व्हरला विचारले ते दिसते. ‘नॉन-एक्झिस्टंट डोमेन’ असे आले तर त्या सर्व्हरने उत्तर दिले आहे आणि असे नावच नाही. ‘टाइम्ड आउट’ आले तर उत्तरच मिळालेले नाही, आणि खुल्या सर्व्हरचा उपाय येथेच योग्य ठरतो. मॉडेमचा मूळ पासवर्ड अजून तसाच असेल, तर बिघाडाची वाट न पाहता तो आजच बदलावा.