पेटी कुणाची?

रमजानचा महिना उन्हाळ्यात आला की आमच्या पनवेलमध्ये संध्याकाळी बर्फासाठी झुंबड उडायची. १९८५ साली तो मे-जूनमध्ये आला होता. मी तेव्हा शाळेत जाणारा पोरगा. घरात फ्रीज नव्हता. असरची नमाज झाली की अम्मी हातात डबा आणि गोणपाटाचा तुकडा द्यायची आणि मी बर्फवाल्या चाचांच्या गाडीकडे धावायचो. चाचांकडे एक मोठी लाकडी पेटी होती. आतून पत्रा मारलेली, तळाशी लाकडाचा भुसा आणि भुशात बर्फाची लादी. टोच्याने लादी फोडून ते वजनावर बर्फ द्यायचे.

एके दिवशी गेलो तर पेटी रिकामी. ज्या कारखान्यातून चाचांची लादी यायची, त्याचे यंत्र बिघडले होते. गावात दुसरीकडून बर्फ येत होता, पण चाचांना तो घेता येत नव्हता. पेटी कारखानदाराने दिली होती. फुकट, पण एका बोलीवर : या पेटीत दुसऱ्या कुणाचा बर्फ ठेवायचा नाही. कागद नाही, सही नाही, नुसता शब्द. भर रमजानात तीन दिवस चाचा रिकाम्या पेटीशेजारी बसून राहिले. घरी येऊन मी हे सांगितले तेव्हा अब्बा एवढेच म्हणाले, "बर्फ कुणाचा ते विचारू नकोस. पेटी कुणाची ते विचार."

तेव्हा त्यातले मला फारसे कळले नाही. पुढे मुंबईच्या इतिहासाची पुस्तके चाळू लागलो, तेव्हा अब्बांचा हा प्रश्न जवळजवळ दोनशे वर्षे जुना आहे असे ध्यानात आले.

अमेरिकेतल्या बोस्टन शहरात फ्रेडरिक ट्यूडर नावाचा एक व्यापारी होता. जन्म १७८३ चा. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापायचा, लाकडाच्या भुशात बांधायचा आणि उष्ण देशांत नेऊन विकायचा, हा त्याचा उद्योग. १८०६ मध्ये त्याने पहिले जहाज मार्टिनिक बेटावर पाठवले, तेव्हा लोक त्याला हसले. १८३३ च्या मे महिन्यात त्याचे 'टस्कनी' हे जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघाले आणि सप्टेंबरमध्ये कलकत्त्याला लागले. चार महिन्यांचा प्रवास, वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडायचे, आणि तरी सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता! पुढल्याच वर्षी अमेरिकेचा बर्फ मुंबईला आला. जमशेटजी जीजीभाई यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिले आणि यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाली, असा एक किस्सा त्या वर्षाचा म्हणून मुंबईच्या इतिहासात सांगितला जातो.

त्या काळी देशावरचा माल बोरघाट उतरून पनवेलच्या बंदरात यायचा आणि इथून होड्या-मचव्यांतून मुंबईला जायचा. इथल्या खलाशांनी मुंबई बंदरात धूर नव्हे तर गारवा सोडणारी ती जहाजे पाहिली असतील का, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

पण मंडळी, ट्यूडरची खरी हुशारी बर्फात नव्हती. बर्फ काय, निसर्गाने कुणालाही दिला असता. बोस्टनमधल्या दुसऱ्या व्यापाऱ्यांनीही जहाजे भरली असती आणि काहींनी भरलीही. हुशारी होती ती बर्फघरात. जाड, दुहेरी भिंतींची ती इमारत ज्याच्या ताब्यात, त्याचा बर्फ महिनोन्‌महिने टिके. ज्याच्याकडे बर्फघर नाही, त्याला बंदरात लागल्या दिवसापासून मिळेल त्या भावाने विकावे लागे, नाहीतर डोळ्यांदेखत मालाचे पाणी. ट्यूडर हे पुरते ओळखून होता. क्यूबातल्या हवानामध्ये त्याने स्पॅनिश सरकारकडून बर्फविक्रीचा मक्ताच मिळवला होता. प्रतिस्पर्धी आला की तो भाव पाडायचा आणि त्याचा माल वितळून जाईपर्यंत थांबायचा. कलकत्त्यात बर्फघरासाठी तिथल्या गोऱ्या रहिवाशांनी वर्गणी काढली, सरकारने बर्फावरची जकात माफ केली. म्हणजे पेटी लोकांच्या पैशाने झाली आणि किल्ली मात्र एकाच्या हाती गेली. मुंबईतले बर्फघर फोर्टात सेंट अँड्र्यूज चर्चच्या शेजारी होते. आज त्या जागी के. आर. कामा प्राच्यविद्या संस्था आहे. मद्रासचे बर्फघर मात्र अजून उभे आहे.

जहाजाला उशीर झाला की या शहरांत 'बर्फाचा दुष्काळ' पडे. मक्त्याची ही दुसरी बाजू. देणारा एकच असला की त्याची अडचण ती साऱ्या गावाची अडचण होते. आमच्या चाचांची झाली तशीच.

१८७०-८० च्या सुमारास आपल्याकडे यंत्राने बर्फ तयार होऊ लागला. १८७८ मध्ये कलकत्त्यात बेंगॉल आइस कंपनी निघाली आणि अमेरिकेचा बर्फ इतिहासजमा झाला. बर्फाचे अंतर संपले, पण पेटीचा प्रश्न संपला नाही. तो दारोदार गेला, हातगाड्यांवर गेला, दुकानांत गेला.

कायद्याने हा प्रश्न विचारायला आपल्या देशात बराच वेळ लागला. स्वातंत्र्यानंतर आर्थिक सत्ता मोजक्या घराण्यांच्या हाती एकवटते आहे, अशी ओरड होऊ लागली. १९६४ मध्ये न्यायमूर्ती के. सी. दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली मक्तेदारी चौकशी आयोग नेमला गेला. त्यातून १९६९ चा मक्तेदारी व निर्बंधक व्यापारप्रथा कायदा आला. 'एमआरटीपी' या नावाने तो आपल्या पिढीला ठाऊक आहे. या कायद्याने काही प्रकारचे करार निबंधकाकडे नोंदवणे सक्तीचे केले. विक्रेत्याच्या मालाखेरीज दुसऱ्या कुणाचा माल घ्यायला खरेदीदाराला मनाई करणारा करार हा त्यांतलाच एक. चाचांची बोली नेमकी ती होती!

मात्र असा प्रत्येक करार वाईटच, असे न्यायालयाने कधी म्हटले नाही. १९७७ मध्ये टेल्को कंपनीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिच्या विक्रेत्यांनी दुसऱ्या कंपनीची वाहने विकायची नाहीत आणि आपापल्या हद्दीतच धंदा करायचा, अशा अटी होत्या. न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. ट्रकची तेव्हा टंचाई होती. देशभर सगळीकडे ट्रक पोहोचावेत, दुरुस्तीची सोय नीट राहावी, यासाठी या अटी उपयोगी आहेत, असे न्यायालयाला पटले. करारातले शब्द पाहून भागत नाही, त्या धंद्याची स्थिती आणि कराराचा परिणाम पाहावा लागतो, हा त्या निकालाचा धडा. तो मला आजही योग्य वाटतो. चाचांना पेटी फुकट मिळाली होती, हेही विसरून चालणार नाही. ती मिळाली नसती तर त्यांची गाडी सुरूच झाली नसती.

पुढे उदारीकरण आले. मोठे असणे हा गुन्हा नाही, मोठेपणाचा गैरवापर हा गुन्हा, असा विचार रुजला. एस. व्ही. एस. राघवन समितीने २००० मध्ये अहवाल दिला आणि स्पर्धा अधिनियम, २००२ तयार झाला. आयोगाच्या रचनेवरून वाद न्यायालयात गेला, दुरुस्ती झाली आणि अशा करारांविषयीची कलमे प्रत्यक्षात २० मे २००९ पासून लागू झाली. जुना एमआरटीपी कायदा त्याच वर्षी रद्द झाला. नव्या कायद्याचे कलम ३, पोटकलम ४ हे कारखानदार ते दुकानदार अशा वर-खालच्या पायऱ्यांवरच्या करारांसाठी आहे. 'फक्त माझाच माल' ही अट त्यात नावानिशी आली. पण ती अट बेकायदा केव्हा? तिच्यामुळे स्पर्धेला जाणवण्याइतकी बाधा पोहोचत असेल तेव्हा. नव्याने येणाऱ्याची वाट अडते का, असलेला बाहेर फेकला जातो का, उलट ग्राहकाचा काही फायदा होतो का, हे सारे आयोगाने तोलून पाहायचे असते.

या तराजूचे सर्वांत बोलके उदाहरण आयर्लंडचे आहे आणि तेही गोठवलेल्या मालाचेच. तिथे एचबी ही युनिलिव्हर समूहाची आइस्क्रीम कंपनी दुकानदारांना फ्रीझर द्यायची. वेगळे भाडे नाही, पण त्यात फक्त एचबीचाच माल ठेवायचा. १९८९ मध्ये मार्स कंपनी आपले आइस्क्रीम घेऊन आली आणि काही दुकानदारांनी ते एचबीच्या फ्रीझरमध्ये ठेवले. भांडण कोर्टात गेले. १९९२ मध्ये आयर्लंडच्या उच्च न्यायालयाने एचबीची बाजू घेतली : फ्रीझर ज्याचा, त्याची अट. पण युरोपीय आयोगाने १९९८ मध्ये वेगळा हिशेब मांडला. गल्लीतले दुकान लहान, दुसरा फ्रीझर ठेवायला जागाच नाही. सुमारे ४० टक्के दुकानांत फक्त एचबीचेच फ्रीझर. म्हणजे कागदावर दुकानदार मोकळा आणि प्रत्यक्षात इतकी दुकाने दुसऱ्यांना बंद. २००३ मध्ये युरोपीय न्यायालयाने आयोगाचे म्हणणे उचलून धरले.

हे सगळे आठवायचे कारण आमच्या गल्लीत घडले. ओळखीच्या बचत गटातल्या बायका गोठवलेले उकडीचे मोदक आणि कोळंबीचे कटलेट करू लागल्या. चव अशी की कुणीही परत मागावे. त्या माझ्या एका दुकानदार मित्राकडे गेल्या, मीही सोबत होतो. तो संकोचून म्हणाला, "ताई, दुकान माझं आहे, वीजबिल मीच भरतो. पण फ्रीझर कंपनीचा आहे. त्यांचा माणूस दर आठवड्याला येऊन बघतो. तुमचे मोदक दिसले तर फ्रीझर उचलून नेतील." दुसरा फ्रीझर ठेवायला दुकानात हातभर जागा नव्हती. बायका काही न बोलता डबे घेऊन परत निघाल्या. एक दुकान म्हणजे बाजार नव्हे, हे मला कळते. पण गावातली निम्मी दुकाने अशीच असतील तर? आयर्लंडमध्ये हाच प्रश्न विचारला गेला होता.

या साखळीचे दुसरे टोक आणखी जवळ आहे. पनवेल तालुक्यातल्या तळोजा औद्योगिक वसाहतीत मासळी गोठवून परदेशी पाठवणारे कारखाने आहेत. उणे ४० अंशांच्या थंडीत कोळंबी, माकुल, बळे गोठवायचे, उणे १८ वर साठवायचे आणि रीफर कंटेनरमधून न्हावा शेवा बंदरावर धाडायचे. ही मासळी येते किनाऱ्यावरच्या बंदरांतून. तिथला नाखवा समुद्रात जातो तो डिझेल आणि बर्फ भरून. त्यासाठी पैसा लागतो आणि किनाऱ्यावर जागोजागी तो व्यापाऱ्याकडून उचल म्हणून घेतला जातो. बोली अशी की मासळी त्यालाच घालायची, भाव बहुधा तोच ठरवणार. इथे पेटी विकणाऱ्याची नाही, घेणाऱ्याची आहे. बांधला गेलाय तो माल विकणारा.

गंमत पाहा, १९६९ च्या कायद्यात आणि २००२ च्या मूळ कायद्यातही व्याख्या होती ती खरेदीदाराला बांधणाऱ्या कराराची. दुकानदार त्यात दिसत होता, नाखवा दिसत नव्हता. २०२३ च्या दुरुस्तीने व्याख्या रुंदावली. आता विक्रेत्याला बांधणारा करारही त्यात स्पष्टपणे आला आहे. शब्दांवर जगणारा माणूस म्हणून मला याचे मोल वाटते. व्याख्येत एक शब्द वाढला की एक माणूस कायद्याला दिसू लागतो.

पण दिसणे म्हणजे सुटणे नव्हे. आयोगाकडे माहिती कुणालाही देता येते, पण बाजाराला जाणवण्याइतकी बाधा दाखवावी लागते. एका बंदरातल्या एका उचलीने देशाचा बाजार हलत नाही, नाखव्याचे घर मात्र हलते. म्हणून कायद्याच्या जोडीला आपली स्वतःची पेटी लागते. पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीच्या कोळ्यांनी सहकारी संस्था काढून बर्फाचे कारखाने उभे केले, ते याच शहाणपणातून. बर्फ आपला असला की मासळी कुणाला द्यायची हे ठरवायला निदान एक रात्र हाताशी राहते.

चाचांनीही शेवटी तेच केले. ईदनंतर त्यांनी ती पेटी परत केली आणि कर्ज काढून सुताराकडून नवी करून घेतली. आधीच्या पेटीपेक्षा लहान, पत्राही जुना. पुढच्या रमजानात बर्फ काही स्वस्त झाला नाही. पण महिनाभरात एकाही संध्याकाळी मी रिकामा डबा घेऊन घरी आलो नाही.