साहेबाला माथेरान सापडलं, आणि वाट दाखवणारा पाटील?

 

मागच्या शनिवारी दुपारी तीनला पुण्याहून चुलत भावाचा फोन. "दादा, आम्ही निघालोय. घाट उतरलो की फोन करतो. रात्री टेंट लावायला कुठंतरी जागा बघ ना." मे महिना, शाळांना सुट्टी, त्यात शनिवार. आणि हा गडी जागा शोधतोय दुपारी तीनला! कर्जत-नेरळ-खोपोली भागात राहणाऱ्या प्रत्येकाला उन्हाळ्यात असे फोन येतात. मी ओळखीच्या पाच-सहा कॅम्पवाल्यांना विचारलं. सगळीकडे एकच उत्तर, "फुल आहे हो. आधी सांगायचं ना."

शेवटी बातमीदारीतली जुनी ओळख कामाला आली. चौकच्या बाजूला, माथेरानच्या पायथ्याशी एक कातकरी वाडी आहे. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांनी झोपडीपुढची जागा झाडून दिली, धूळ बसावी म्हणून पाणी मारलं. सातपर्यंत दोन टेंट उभे राहिले. पोरं खूष.

वर माथेरानची काळी कड दिसत होती. पुतण्याने विचारलं, "काका, माथेरान कोणी शोधलं?" मी पाठ असलेलं उत्तर दिलं, "ह्यू मॅलेट. ठाण्याचा कलेक्टर. १८५०." बाबा शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत, नुसते हसले. त्या हसण्याने मला रात्रभर झोप लागली नाही.

गोष्ट अशी आहे. १८५० चा मे महिना. मॅलेटसाहेब दौऱ्यावर होता आणि त्याचा तळ पडला होता चौकलाच. तेव्हा कलेक्टरचा दौरा म्हणजे तंबू, घोडे, नोकरचाकर असा सगळा लवाजमा. तळ पडला की गवत, लाकूड, पाणी, दूध पुरवायचं काम गावाच्या अंगावर. आपल्याकडचा 'वेठ' हा शब्द अशा कामांनीच झिजलेला आहे.

एका संध्याकाळी साहेब फिरत फिरत अर्धा डोंगर चढला. वर काय आहे ते बघावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी चौकच्या पाटलाला वाटाड्या म्हणून घेऊन तो माथ्यावर पोचला. दाट झाडी, गार वारा, मे महिन्यातही वाहतं पाणी. त्या पाण्याची बाटली भरून घेतली आणि रामबागच्या वाटेने खाली उतरला. पावसाळा संपल्यावर परत आला, खोप बांधून राहिला. दोन वर्षांत बंगल्याचं काम निघालं. १८५५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन येऊन गेले, आणि माथेरान साहेबलोकांची उन्हाळ्याची जागा झाली.

एवढी घाई का? कारण मुंबईचा उन्हाळा साहेबाला सोसत नव्हता. महाबळेश्वर १८२८-२९ च्या सुमारास वसलं होतं, पण ते लांब. रेल्वे अजून आलेली नव्हती, बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली ती १८५३ मध्ये. मुंबईच्या एवढ्या जवळ गार माथा मिळणं म्हणजे लॉटरीच. थोडक्यात, साहेबालाही ऐन उन्हाळ्यात, ध्यानीमनी नसताना जागा मिळून गेली. आमच्या भावासारखीच.

आता जरा विचार करा. पाटलाला वाट माहीत होती म्हणून साहेब वर पोचला. डोंगराच्या अंगाखांद्यावर धनगर, ठाकूर, कातकरी पिढ्यान्पिढ्या राहत होते. 'माथेरान' म्हणजे माथ्यावरचं रान, हे नाव काही इंग्रजाने ठेवलेलं नाही. ज्याला आधीपासून नाव आहे, वाट आहे, देव आहे (पिसारनाथाचं ठाणं आजही तिथे आहे), ते 'सापडलं' कसं? तरी मॅलेटचं नाव वरच्या झऱ्याला मिळालं. लुईझा, पोर्क्युपाइन, अलेक्झांडर, शार्लट अशी नावं पॉइंटांना नि तळ्याला मिळाली. पाटलाचं नाव मी शोधलं. मला सापडला तो नुसता 'चौकचा पाटील'.

पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून नेरळहून २१ किलोमीटरची छोटी रेल्वे झाली, १९०७ मध्ये गाडी सुरू झाली. पण वर पोचलेल्या पाहुण्यांना आणि त्यांच्या सामानाला वाहणारे खांदे कोणाचे होते? माणसाने माणसाला ओढायची हातरिक्षा माथेरानला परवापर्यंत चालू होती. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. पहिला तंबू पडल्यापासून पावणेदोनशे वर्षं झाली तेव्हा!

आणि याच माथेरानात १९१२ मध्ये एक पोरगं जन्माला आलं, विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. आपले भाई कोतवाल. नाभिक घरातला वकील. १९४२ मध्ये आझाद दस्ता उभारला, विजेचे मनोरे पाडले. त्यांचाही मुक्काम रानातच असायचा. रोज नवी जागा, तीही पोलिसांच्या आधी शोधायची. त्या दिवसांत त्यांना भाकर आणि आसरा दिला तो इथल्या आदिवासींनी आणि शेतकऱ्यांनी. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात त्यांच्या तळावर छापा पडला. भाई आणि हिराजी पाटील तिथेच धारातीर्थी पडले.

म्हणजे बघा, साहेब असो, क्रांतिकारक असो की पुण्याचा आयटीवाला, या डोंगराखाली रात्रीची जागा देणारा माणूस तोच आहे.

सकाळी चहा घेताना मी बाबांना विचारलं, "बाबा, जागा तुमचीच ना?"

"कुठली भाऊ," ते म्हणाले. "शेटची हाय. माझा आजा हितंच मेला, बा पन हितंच. कागद शेटचा. त्यानं उठ म्हटलं की उठायचं."

मुलगा आणि सून वीटभट्टीवर होते, पावसाआधी येणार होते. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. नोव्हेंबर २०२३ पासून त्यांच्यासाठी केंद्राची 'पीएम जनमन' योजना आहे, त्यात पक्कं घरकुल आहे. पण घरकुल बांधायला पायाखालची जागा आपली लागते. आपल्या रायगड-ठाण्यातल्या कितीतरी कातकरी वाड्या खासगी मालकीच्या जमिनीवर आहेत. जमिनीला भाव आला, फार्महाऊस आणि कॅम्प आले, की पहिली नजर वाडीवरच जाते.

भावाने पाचशेच्या दोन नोटा काढल्या. बाबांनी एक ठेवून घेतली आणि दुसरी पुतण्याच्या खिशात कोंबली, "पोराला खाऊ."

ज्या माणसाने आम्हाला अर्ध्या तासात जागा दिली, त्याला तीन पिढ्यांत स्वतःच्या नावावर झोपडीपुरती जागा मिळालेली नाही. वाडीचं गावठाण मंजूर व्हावं म्हणून कागदपत्रं गोळा करायला मी सोमवारपासून सुरुवात केलीय. महसूल खात्यातलं कोणी ही पोस्ट वाचत असेल, वकील मित्र असतील, तर मेसेज करा. जुने सातबारे, शाळेचे दाखले, मतदार याद्या, जे हाती लागेल ते हवं आहे.

चौकच्या पाटलाचं नाव राहून गेलं. निदान बाबांचं तरी सातबाऱ्यावर लागू दे.