चांदबीबीचा महाल

नगर शहराच्या पूर्वेला शहा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावरची दगडी इमारत गावातल्या कुणालाही विचारा, उत्तर एकच येतं : चांदबीबीचा महाल. माझी आजी भिंगारची. तीही तेच सांगायची. मोगलांनी नगरच्या किल्ल्याला सुरुंग लावून खिंडार पाडलं, तर ही राणी तोंडावर बुरखा घेऊन नंगी तलवार परजत तिथं उभी राहिली. रातोरात भिंत बांधून काढली. तोफांचे गोळे संपले तेव्हा तिनं आधी तांब्याची, मग चांदीची, शेवटी सोन्याची नाणी ठासली. इथवर आलं की आजीचा आवाज चढायचा.

डोंगर चढून गेल्यावर दिसते ती आठ बाजूंची, तीन मजली, उंच कमानींची वास्तू. कोरीवकाम फारसं नाही, वारा मात्र अखंड. तळघरात कबर आहे ती सलाबतखानाची. नगरचा सुलतान मुर्तझा निजामशाह याचा हा कारभारी, 1583 साली नगरच्याच फराहबाग महालाचं काम पुरं करणारा. तो 1589 मध्ये वारला. चांदबीबीनं किल्ला लढवला तो त्यानंतर, 1595-96 च्या वेढ्यात. वऱ्हाड देऊन तिनं शहर वाचवलं. 1600 मध्ये पुन्हा मोगल आले, तेव्हा फितुरीचा आळ घेऊन तिच्याच सैनिकांनी तिला मारलं.

आजीची दुसरी गोष्ट किल्ल्याजवळच्या दमडी मशिदीची. हुसेन निजामशाहानं 1559 पासून किल्ला दगडात बांधून घेतला, तेव्हा तिथं राबणाऱ्यांनी मजुरीतली एकेक दमडी बाजूला टाकली आणि त्यातून ही मशीद उभी राहिली, असं ती सांगे. इतिहासात मशिदीचं साल 1567 आणि नाव सहिरखानाचं. तिथलं नाजूक कोरीवकाम पाहताना मला मात्र पाथरवटांचेच हात आठवतात.

इतिहासानं खानांची नावं राखली. दमडी देणारे मजूर आणि आळ घेऊन मारलेली राणी यांना गोष्टींनी राखलं. म्हणून मुलांना डोंगरावर नेलं की आधी सलाबतखानाची कबर दाखवावी, त्याचं श्रेय त्याला द्यावं. मग तिथूनच किल्ल्याची दिशा दाखवून चांदबीबीची गोष्ट सांगावी. सैनिकांनी तिला फितूर ठरवलं. नगरकरांनी तो निवाडा कधीच मानला नाही, आणि आसमंतातली ही उंचावरची वास्तू तिच्या नावे केली.