कंथक, माहुरझरीचे घोडे आणि आपल्या वस्तीतला राजा

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघत आहे, तुम्ही इतिहासावर काहीतरी लिहा, असे संपादक मंडळाने आम्हाला सांगितले. इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या. आम्ही काही प्रोफेसर नाही. पाळी संपल्यावर वाचनालयात बसून जे वाचले तेवढेच आमचे शिक्षण. म्हणून आम्ही सुरुवात एका घोड्यापासून करतो. वाचक बंधुभगिनींनी हसू नये. एकदा आम्ही हसलो होतो, त्याचीच ही हकीकत आहे.

वस्तीतल्या जुन्या माणसांना टांगेवाले मामा आठवत असतील. स्टेशन, सीताबर्डी, इतवारी असा त्यांचा टांगा चाले. घोड्याचे नाव राजा. रंगाने पांढरट, कपाळावर तपकिरी ठिपका. विहारातली आजची बुद्धमूर्ती रेल्वेने आली तेव्हा ती स्टेशनवरून राजाच्याच टांग्यात आणली होती. आम्ही तेव्हा लहान पोट्टे होतो, टांग्यामागे धावत होतो. मूर्ती सतरंजीत गुंडाळून मागे ठेवली होती आणि मामा मात्र टांग्यावर बसलेच नाहीत. हाकायला बसले तर भगवंताकडे पाठ होते म्हणून लगाम धरून स्टेशनपासून वस्तीपर्यंत पायी चालत आले.

पुढे सायकलरिक्षा वाढले, मग ऑटो आले. टांग्याला सवारी मिळेनाशी झाली. राजाही म्हातारा झाला. दात झिजले, दाणा चावला जात नसे. मामी हरभरा रात्री भिजत घालून सकाळी पाट्यावर भरडून देत. लोक म्हणायचे, बाजारात विकून टाका, बसून खातो तो. मामा ऐकून घेत आणि संध्याकाळी त्याला खरारा करत बसत. एका हिवाळ्यात राजा रात्रभर पोटदुखीने लोळला आणि पहाटे गेला.

आता खरी अडचण पुढे होती. मेलेला घोडा दारात पडलेला, आणि उचलायला माणसे पाहिजेत. मामा आम्हा तरुणांकडे आले. आम्ही साफ नाही म्हटले. कारण आमच्या दृष्टीने पक्के होते. मेलेली जनावरे ओढण्याचे काम गावाने आपल्या बापजाद्यांवर लादले होते. १९२७ साली महाडच्या परिषदेपासून बाबासाहेबांनी असली कामे सोडा, मेलेल्या जनावराचे मांस सोडा म्हणून सांगितले. आपल्या लोकांनी ती कामे सोडली, त्यापायी गावोगाव मार खाल्ला, बहिष्कार सोसले. मग आम्ही पुन्हा मेलेले जनावर ओढायचे काय? आम्ही मोठ्या आवाजात हे भाषण दिले. मामांनी शेवटपर्यंत ऐकले आणि एवढेच म्हणाले, "पोट्टेहो, मी ओढून नाही राह्यलो. मी त्याले नेऊन राह्यलो."

शेवटी टांगा स्टँडवरचे दुसरे टांगेवाले आले. त्यात मुसलमान होते, तेली होते. त्यांनी राजाला ठेल्यावर घातले, अंगावर त्याचीच झूल टाकली आणि वस्तीबाहेर खड्डा करून पुरले. आम्ही लांब उभे राहून पाहिले.

संध्याकाळी वंदनेच्या वेळी मामा विहारात आले. म्हणाले, "भाऊ, राजाच्या नावानं दोन गाथा म्हणून द्या ना." यावर आम्ही हसलो. घोड्याचे पुण्यानुमोदन कुठे असते काय? आमच्यातल्या एकाने त्यांना अनित्यतेवर समजावून सांगितले. सगळे संस्कार नाशवंत आहेत, बौद्ध माणसाने जनावरासाठी रडू नये, असे बरेच काही. मामा वंदना होईपर्यंत मागे बसले आणि निघून गेले. विषय तिथेच संपला असे आम्हाला वाटले.

नंतर काही वर्षांनी आम्ही 'बुद्ध आणि त्याचा धम्म' पहिल्या पानापासून सावकाश वाचायला घेतला. त्याआधी वाचला नव्हता असे नाही, पण भाषणापुरते उतारे काढत होतो. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली निघालेला हा ग्रंथ. सिद्धार्थाने म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून घर सोडले ही जुनी गोष्ट बाबासाहेबांनी नाकारली, हे आपणा सर्वांना माहीत आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता हे बुद्धीला पटत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी शाक्य आणि कोलिय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे आणला. म्हणजे बुद्धीला न पटणारे ते निर्दयपणे कापत होते. पण कंथक त्यांनी ठेवला.

कंथक म्हणजे सिद्धार्थाचा घोडा, आणि छन्न त्याचा सेवक. अनोमा नदीच्या काठी सिद्धार्थ दोघांचा निरोप घेतो. छन्न घोड्याला घेऊन कपिलवस्तूला परततो. जो रस्ता मालकासोबत एका रात्रीत कापला होता, त्याच रस्त्याला परत येताना आठ दिवस लागतात. घोडा मागे वळून वळून खिंकाळतो, भूक असून गवताला आणि पाण्याला तोंड लावत नाही. हे वर्णन मूळचे अश्वघोषाच्या 'बुद्धचरिता'तले. अश्वघोष सुमारे इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. पाली 'निदानकथे'त तर कंथक सिद्धार्थ दिसेनासा होताच छाती फुटून मरतो आणि देवलोकात जन्म घेतो. बाबासाहेबांनी देवलोक घेतला नाही, ते त्यांच्या शिस्तीला धरूनच झाले. पण उपाशी, वळून पाहणारा घोडा त्यांनी आपल्या ग्रंथात राहू दिला. आम्ही ते पान वाचले त्या दिवशी आम्हाला मामांचे शब्द आठवले आणि पुढचे पान उलटवले नाही.

ज्यांना पुस्तक वाचणे जमत नाही त्यांनी सांचीला जावे. नागपूरहून इटारसी, भोपाळ असा सरळ रेल्वेमार्ग आहे. तिथल्या मोठ्या स्तूपाच्या पूर्व तोरणावर, मधल्या आडव्या पट्टीवर गृहत्यागाचा देखावा कोरला आहे. त्या काळी बुद्धाची मूर्ती घडवत नसत. म्हणून कपिलवस्तूच्या वेशीतून घोडा निघतो त्याची पाठ रिकामी, वर फक्त छत्र धरलेले. तोच घोडा पट्टीवर पुन्हा पुन्हा येतो, जणू पुढे पुढे चालला आहे. टोकाला पावलांचे ठसे आहेत आणि छन्न त्यांच्यापुढे गुडघे टेकून बसला आहे. खाली तोच घोडा परत फिरला आहे, आता त्याच्यावर छत्रही नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या पाथरवटाला दुःख दाखवायला माणसाचा चेहराही लागला नाही.

फाहियान पाचव्या शतकात आणि ह्युएनत्संग सातव्या शतकात चीनमधून आले. छन्न आणि घोडा जिथून परत फिरले त्या जागी स्तूप असल्याचे दोघांनीही नमूद केले आहे. म्हणजे भगवंताचा जन्म, संबोधी आणि महापरिनिर्वाण यांच्या ठिकाणांबरोबर एका नोकराच्या आणि एका जनावराच्या ताटातुटीचेही ठिकाण आपल्या पूर्वजांनी जपले होते. आणि आम्ही मामांना विचारत होतो, घोड्याचे पुण्यानुमोदन असते काय!

आता आपल्या मातीकडे येऊ. काटोल रोडने गेले की जुनापाणी लागते, त्याच भागात माहुरझरी आहे. दक्षिणेला बुटीबोरीकडे टाकळघाट-खापा. इथे मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आहेत. गुराखी पोरे त्यावर बसून भाकर खातात. त्या वर्तुळांखाली माणसे पुरलेली आहेत. इंग्रज अधिकारी रिव्हेट-कारनॅक याने एकोणिसाव्या शतकात जुनापाणीला खोदून पाहिले. पुढे नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी १९६० नंतरच्या दशकाच्या शेवटी टाकळघाट-खापा आणि १९७० ते ७२ च्या दरम्यान माहुरझरी खणली. काळ साधारण अडीच ते पावणेतीन हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे भगवंतांचा आणि त्याच्या थोडा आधीचा. लोखंडाची हत्यारे निघाली, मणी निघाले, आणि माणसांच्या सोबत घोड्यांची हाडे निघाली. लोखंडी लगामाच्या कड्या आणि तांब्याच्या पत्र्याचे, घोड्याच्या तोंडावर बसवायचे दागिनेही निघाले. घोड्याला नटवून मालकाजवळ ठेवले होते.

हे प्रेम म्हणावे काय? माहुरझरीच्या घोड्यांच्या हाडांवर कापल्याच्या खुणा सापडल्या. म्हणजे मालक मेला म्हणून घोड्याला मारले. तांब्याचा दागिना घालायचा आणि मानेवर शस्त्र चालवायचे, दोन्ही एकाच दिवशी. आमचे काही मित्र म्हणतात की ही वर्तुळे नागांची, म्हणजे आपलीच. नागांनी बुद्धधम्माचा प्रसार केला म्हणून धर्मांतरासाठी नागपूर निवडले, असे बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात सांगितले हे खरे. पण हाडांवर जात किंवा कुळ लिहिलेले नसते. जेवढे खणून निघाले तेवढेच आपण बोलावे.

घोडा मारण्याची मोठी रीत पुढे राजांनी चालवली, ती अश्वमेधाची. वर्षभर घोडा मोकळा फिरवायचा, मागून सैन्य, आणि परत आला की यज्ञात कापायचा. आपल्या रामटेकजवळचे नगरधन ही वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. त्यांच्या ताम्रपटांत पहिल्या प्रवरसेनाचे चार अश्वमेध मोठ्या अभिमानाने सांगितले आहेत. भगवंतांनी मात्र अश्वमेधाचे नाव घेऊन असल्या यज्ञांचे मोठे फळ नसते असे सांगितले. ते संयुत्त निकायात आहे. दीघ निकायातला कूटदंत ब्राह्मण सातशे सातशे बैल, बोकड, मेंढे खांबाला बांधून बसला होता. भगवंतांचे ऐकून त्याने सगळे सोडून दिले. सम्राट अशोकाने माणसांसोबत जनावरांसाठीही औषधोपचाराची सोय केली आणि ठरावीक तिथींना घोड्याबैलांना डागू नये असा हुकूम स्तंभावर कोरला.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेकचा एक दगड नागपूरच्या अजब बंगल्यात आहे. त्यावरचा जुना ब्राह्मी लेख प्राण्यांना पकडण्याची आणि मारण्याची मनाई करतो. म. म. वा. वि. मिराशींनी तो अशोकाच्या धर्ममहामात्राचा मानला. त्याच दगडावर नंतर वाकाटक रुद्रसेनाचा लेख कोरला गेला. एकाच दगडावर दोन राजवटी! अजब बंगल्यात आपली मुले मगर आणि वाघ पाहून परत येतात. हा दगडही त्यांना दाखवावा.

आता शेवटची गोष्ट. बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणी पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिका म्हणून काढल्या. त्यात १९२९ सालचा चाळीसगावचा प्रसंग आहे. एका वर्षी १४ एप्रिलच्या कार्यक्रमात आम्ही तो विहारात मराठीत सांगत सांगत वाचला. अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या कमिटीचे सभासद म्हणून बाबासाहेब त्या भागात गेले होते. स्टेशनवर महारवाड्यातली मंडळी घ्यायला आली. पण एकही टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकायला तयार होईना. तडजोड झाली की टांगा देतो, पण हाकणारा तुमचा आणा. मंडळींपैकी एक जण लगाम धरून बसला. त्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या पुलावर चाक दगडावर आदळले, बाबासाहेब उसळून फरशीवर पडले, पाय मोडला. घोडा आणि टांगा पुलावरून खाली नदीत गेले. बॅरिस्टर झालेल्या माणसापेक्षाही टांगेवाला स्वतःला उच्च समजतो, हे बाबासाहेबांनी पुढे लिहिले आहे.

वाचून संपले तेव्हा विहारात शांतता होती. कोणी पायाबद्दल विचारले, कोणी त्या टांगेवाल्यांना शिव्या दिल्या. मामा मागे भिंतीला टेकून बसले होते. खूप थकले होते, टांगा विकून बराच काळ झाला होता. त्यांनी हात वर केला आणि विचारले, "अन् भाऊ, घोड्याचं काय झालं?"

आम्ही पान मागे केले, पुढे केले. त्यात ते लिहिलेले नव्हते.