मराठी ख्रिस्ती वाणींतील दैन्यभाव व गंगाखेडची जनी

परभणी जिल्ह्यांत गोदावरीच्या कांठीं गंगाखेड हें गांव आहे. संत जनाबाई मूळची येथलीच, अशी वारकरी परंपरा सांगते. पुढें ती पंढरपुरीं दामाशेटींच्या घरीं राहिली व 'नामयाची दासी' हीच आपली ओळख तिनें अभंगोअभंगीं ठेविली. नामदेवांबरोबर शके १२७२ त तिनें समाधि घेतली असें मानतात. या दासीपणाचा मराठी ख्रिस्ती वाङ्‌मयाशीं कांहीं संबंध पोंचतो काय, याचा विचार आम्हीं येथें करीत आहों.

देवावांचून आपणांस गति नाहीं ही कबुली ख्रिस्ती धर्माच्या मुळाशीं आहे. पर्वतावरील प्रवचनाचा आरंभ दीनांच्या धन्यतेनें होतो. लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायांत आपले नेम मोजून दाखविणारा परूशी मागें राहतो आणि मान खालीं घालून दया मागणारा जकातदार नीतिमान्‌ ठरतो. मराठींत ही कबुली केवळ पाद्र्यांच्या भाषांतरांतून आली, असा समज होणें साहजिक आहे. तो अपुरा आहे, असें आमचें मत आहे.

फादर स्टीफन्स याचें 'क्रिस्तपुराण' इ. स. १६१६ त गोव्यांत राचोल येथें छापलें गेलें. पुढें १६४९ व १६५४ सालीं तें पुन्हां छापलें. परंतु या तिन्ही छापांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं, ग्रंथ तगला तो हस्तलिखितांच्या आधारें. त्यांत ओवी आहे, पुराणरीतीचें आरंभींचें नमनहि आहे. तथापि ती ग्रंथारंभाची नम्रता झाली. भक्ताचें स्वतःचें दैन्य पाहावयाचें तर रे. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्याकडे वळलें पाहिजे.

टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं मुंबईस झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते म्हणत, हें प्रसिद्ध आहे. त्यांच्या एका पदांत शिष्यत्वासहि अपात्र असलेल्यास प्रभु मित्र म्हणतो, याचें आश्चर्य व लज्जा व्यक्त झाली आहे. निकल मॅक्निकल यांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर केलें व तें इंग्रजी प्रार्थनागीतसंग्रहांत शिरलें. आतां जनीचे अभंग पाहावे. तेथें विठोबा तिच्याबरोबर दळूं लागतो, शेण वेंचतो, झाडलोट करतो. भक्त लीन होतो तों देवच त्याच्याहून खालीं उतरलेला आढळतो, हें मर्म दोहोंकडे एकच आहे. योहानकृत शुभवर्तमानांत शिष्यांचे पाय धुणारा ख्रिस्त मराठी श्रोत्यास परका वाटूं नये, याची तयारी जात्यापाशीं आधींच झाली होती.

यावरून टिळकांनीं जनीपासून अमुक शब्द घेतला, असें आम्ही म्हणत नाहीं. साम्य हा उसनवारीचा पुरावा नव्हे. उलट एक भेद विसरतां कामा नये. जनी घरची खरोखरीची दासी होती. दैन्य तिला जन्मानेंच मिळालें होतें. टिळक विद्वान्‌ ब्राह्मण. त्यांना तें पत्करावें लागलें. १९१७ सालीं मिशनचा पगार सोडून साताऱ्यास त्यांनीं 'देवाचा दरबार' मांडला, तेव्हां त्यांच्या शब्दांस आचरणाची साक्ष मिळाली. 'मी दास' हें वाक्य तेंच. बोलणारा कोण, यावरून त्याचें वजन ठरतें.

जनीच्या हातची एकहि ओळ आपणांपाशीं नाहीं. तिचे अभंग नामदेवांच्या गाथेच्या आश्रयानें व गाणाऱ्यांच्या मुखानें आले. तिच्या नांवावर इतरांचीहि रचना चढली असावी. म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, गोदाकांठच्या जुन्या बाडांत जनीच्या नांवाचें सुटें पान आढळल्यास तें किरकोळ म्हणून टाकूं नये. पाठभेदांसह नकल करून ठेवावी. तसेंच मराठी ख्रिस्ती कुटुंबांतील भजनांच्या हस्तलिखित वह्याहि जपाव्या. दोन्ही एकत्र ठेवून वाचल्यावांचून या दैन्याचा इतिहास लिहितां येणार नाहीं.