माफीचा हक्क कुणाचा? बेदींची ‘एक चादर मैली सी’

उर्दू कादंबरी म्हटले की लोकांना लखनौ आठवते, लाहोर आठवते. मुंबई फारशी कुणाला आठवत नाही. पण प्रेम, मातम आणि माफी या तिन्ही गोष्टी एकत्र सांगणारी उर्दूतली एक मोठी कादंबरी ज्या लेखकाने लिहिली, तो आपल्या मुंबईचाच होता. राजिंदर सिंह बेदी. मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. मराठी वाचकांना बेदी ‘अभिमान’ किंवा ‘सत्यकाम’चे संवादलेखक म्हणून ठाऊक असतात, कादंबरीकार म्हणून क्वचितच. म्हणून हा लेख.

बेदींचा जन्म 1915चा, पंजाबातला. लाहोरच्या टपाल कचेरीत कारकुनी केली, मग रेडिओत नोकरी. फाळणीत लाहोर सुटले आणि 1949 साली ते मुंबईत आले. इथे पोट भरले सिनेमाने. त्या काळात अंधेरीच्या मोहन स्टुडिओत बिमल रॉय यांच्या कंपनीचे बस्तान होते. त्यांच्या ‘देवदास’ (1955) आणि ‘मधुमती’ (1958) या चित्रपटांचे संवाद बेदींचे. दिवसा पडद्यासाठी लिहिणाऱ्या या माणसाने आपले सुटलेले पंजाब मात्र कथा-कादंबरीत जपले. ‘एक चादर मैली सी’ 1962 साली पुस्तकरूपात आली आणि 1965 साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

कथा एका खेड्यातली. रानोचा नवरा तिलोका टांगा चालवतो, दारू पितो, तिला मारतो. यात्रेला आलेल्या एका कोवळ्या मुलीला तो गावच्या चौधरीच्या धर्मशाळेत नेऊन सोडतो. तिथे तिच्यावर अत्याचार होतो आणि तिचा भाऊ तिलोक्याचा खून करतो. रानोच्या पदरात मुले, घरात म्हातारे सासू-सासरे. तिने घर सोडून जाऊ नये म्हणून पंचायत ठरवते की धाकट्या दिराने, मंगलने, तिच्यावर चादर घालावी. मंगलला रानोने लेकरासारखे वाढवलेले. शिवाय त्याचे मन गावातल्या सलामते नावाच्या मुसलमान मुलीवर. तो पळून जातो. लोक त्याला पकडून, मारून आणतात आणि दोघांवर चादर पडते. तीच ती मैली चादर.

पंजाबातली ही रीत आपल्याला परकी वाटायचे कारण नाही. महाराष्ट्रातही अनेक जातींत विधवेचा ‘पाट’ किंवा ‘मोहतूर’ लागत असे. विधवेला दुसरा संसार मिळणे चांगलेच. प्रश्न एवढाच की तिला विचारले कुणी? मुसलमान वाचकांना इथे आणखी एक गोष्ट आठवावी. इस्लामपूर्व अरबस्तानात माणूस मेला की त्याचा वारस विधवेवर आपले कापड टाकी आणि मालमत्तेसारखा तिच्यावर हक्क सांगे, असे तफसीरकार लिहितात. सूरह निसाच्या एकोणिसाव्या आयतीने बायकांचे असे जबरदस्तीने वारस बनणे हराम ठरवले. अरबस्तानातले ते कापड आणि पंजाबातली ही चादर यांत मला फार फरक दिसत नाही. दोन्हीकडे बाई जिवंत असते, पण तिचे तोंड झाकलेले असते.

काळ जातो. मंगल आणि रानो यांच्यात हळूहळू, अडखळत प्रेम उगवते. आणि मग खरी परीक्षा येते. यात्रेकरूंबरोबर एक देखणा तरुण येतो आणि रानोच्या थोरल्या मुलीचा हात मागतो. तो तिलोक्याचा खुनी असतो, सजा भोगून सुटलेला. रानो हादरते. म्हातारा, दृष्टी गेलेला सासरा हुजूर सिंह तिला समजावतो. मेलेला त्याचा स्वतःचा मुलगा होता, हे लक्षात घ्या. शेवटी रानो होकार देते.

पहिल्या वेळी निर्णय पंचायतीचा होता, रानो फक्त चादरीखाली बसली. दुसऱ्या वेळी लोक समजावतात, पण होकार तिच्या तोंडून यावा लागतो. माझ्या मते कादंबरीचा सगळा प्रवास या दोन प्रसंगांमधला आहे. आपल्याकडे किसासच्या कायद्यातही हेच तत्त्व आहे. खुन्याला माफ करण्याचा हक्क मयताच्या वारसांचा. सूरह बकरा त्या माफीची वाट मोकळी ठेवते, पण ती माफी वारसाने द्यायची असते. शेजाऱ्यांनी परस्पर वाटायची नसते.

बेदींनी खोट्या माफीचेही चित्र काढले आहे. त्यांच्या ‘लाजवंती’ या कथेत फाळणीत पळवलेली बायको परत येते. नवरा सुंदरलाल अशा बायकांना सन्मानाने घरात घ्या म्हणून प्रभात फेऱ्या काढणारा. तो तिला देवी म्हणतो, कधी हात उगारत नाही. पण तिने भोगलेले ऐकून घेत नाही. ती घरात परत येते, त्याच्या मनात नाही. ऐकून न घेता दिलेली माफी ही अशी असते.

कादंबरीतही काही हिशेब उरतातच. त्या यात्रेकरू मुलीची माफी कुणी मागत नाही. सलामतेचे मन मोडले त्याची पंचायतीत चर्चा होत नाही. उपनगरांतल्या आमच्या वस्त्यांत पालकांशी बोलताना मला या दोघी आठवतात. नवऱ्याने मारले, सासरच्यांनी दागिने ठेवून घेतले, की चार वडीलधारी जमतात. बाईला सांगतात, “बेटी, माफ कर दे, सब्र कर.” सब्र मोठी गोष्ट आहे. पण तिचे म्हणणे पुरते ऐकण्याआधीच तो शब्द काढला, तर ती सुद्धा चादरच.

या कादंबरीवर ‘रानो’ नावाचा चित्रपट गीता बालीने करायला घेतला होता. देवीच्या आजाराने 1965च्या जानेवारीत ती गेली आणि चित्रपट अपुरा राहिला. पुढे 1978 साली पाकिस्तानात संगीता यांनी ‘मुठ्ठी भर चावल’ काढला, आणि 1986 साली हेमा मालिनी व ऋषी कपूर यांना घेऊन आपल्याकडे ‘एक चादर मैली सी’ आला. बेदी 1984 सालीच मुंबईत वारले होते. ज्या सीमेने त्यांचे लाहोर तोडले, तिच्या दोन्ही बाजूंनी रानोला आपली मानले.

कादंबरी लहान आहे, दोन बैठकांत वाचून होते. वाचा, आणि घरातल्या बायकांनाही वाचायला द्या. पुढच्या वेळी एखाद्या समझोत्यासाठी तुम्हाला बोलावले, तर माफीचा विषय काढण्याआधी एवढेच विचारा: जिचे नुकसान झाले, तिचे सगळे सांगून झाले का?